पाणी, धान्य आणि विरघळलेलें विष

इ. स. २०२४ च्या अखेरीस आमच्या बुलढाणा जिल्ह्याच्या शेगांव तालुक्यांत, बोंडगांव, कालवड, हिंगणा इत्यादि गांवीं, लोकांच्या डोक्यास खाज सुटून थोड्याच दिवसांत टक्कल पडूं लागलें. हा मुलूख खारपाणपट्ट्यांतला. म्हणून प्रथम संशय पाण्यावर गेला. तपासणींत क्षार व नायट्रेट अधिक आढळले खरे; परंतु खारें पाणी तेथें पिढ्यान्‌पिढ्यांचें, आणि केस मात्र तेव्हांच गळले. पुढें महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनीं शोध केला. रोग्यांच्या रक्तांत ३५ पट, लघवींत ६० पट व केसांत १५० पट सेलेनियम आढळलें, आणि तें रेशनच्या गव्हांतून आलें, असा निष्कर्ष त्यांनीं इ. स. २०२५ मध्यें मांडिला. गहूं धुऊनही तें फारसें कमी झालें नाहीं.

सेलेनियम हें धातूंच्या शेजारचें मूलद्रव्य होय. प्रौढ माणसास तें दररोज सुमारें ५५ मायक्रोग्रॅम लागतें. फार अधिक पोटांत गेल्यास केस गळतात व नखें तुटतात. शिसें व कॅडमियम या धातूंची तर शरीरास मुळींच गरज नाहीं. भारतीय मानकाप्रमाणें लिटरभर पिण्याच्या पाण्यांत शिसें ०.०१ मिलिग्रॅमहून व कॅडमियम ०.००३ मिलिग्रॅमहून अधिक नसावें.

असलें विष काढावें कसें? उकळल्यानें जंतु मरतात, परंतु विरघळलेला धातु जात नाहीं; पाणी आटतें तसा तो उलट दाट होतो. तुरटीनें गढूळपणा बसतो, फडक्यानें कचरा अडतो. मोठ्या जलशुद्धीच्या कामांत चुना मोजून घालून शिसें व कॅडमियम तळाशीं बसवितात. आर्सेनिक लोहाच्या गंजास चिकटवून काढितात. नायट्रेटास हे उपाय चालत नाहींत, त्यास ‘आर.ओ.’ यंत्र लागतें. आणि विष गव्हांत असेल तर पाण्याचें कोणतेंच यंत्र उपयोगीं पडणार नाहीं. म्हणून आधीं परीक्षा, मग उपाय.

यास्तव, वाचकहो, एकाच वस्तींत अनेक घरीं सारखा विकार दिसल्यास आम्ही असें सुचवितों: आरंभ कोणत्या दिवशीं, पाणी कोठलें, धान्य कोठलें, हें लिहून ठेवावें, त्याच धान्यांतलें शेरभर बाजूस राखावें, आरोग्यकेंद्रास कळवून दोहोंची तपासणी मागावी. शेगांवकडे लाजेनें कित्येकांनीं मुंडन केलें व मुलें शाळा टाळूं लागलीं. सेलेनियमाची बाधा स्पर्शानें लागत नाहीं; तेव्हां अशा घरास कोणीं दूर लोटूं नये.

प्रश्न
१. उकळलेल्या पाण्यांतून काय जातें व काय राहतें?
२. आपल्या गांवच्या विहिरीच्या पाण्याची तपासणी शेवटीं केव्हां झाली?