ओळीतील घराचे मोल

तंजावरहून कुंभकोणमला जाताना कावेरीच्या खोऱ्यात पापनाशम हे गाव लागते. या भागातील जुन्या वस्त्यांमधून एकमेकांना चिकटून उभ्या असलेल्या घरांच्या ओळी आढळतात. दर्शनी बाजू अरुंद, पण घर आत खोलवर गेलेले. रस्त्यालगत ‘तिण्णै’, म्हणजे आपल्याकडील ओसरी, आणि मध्यभागी उघडा चौक. असे घर विकावयास काढले की जागेचा भाव पाहिला जातो आणि जुन्या बांधकामाची किंमत नगण्य ठरविली जाते. हा हिशेब कितपत बरोबर आहे?

उदाहरणादाखल 5 मीटर रुंद, 20 मीटर लांब आणि 4 मीटर उंच असे घर घेऊ. ते एकटे उभे असेल, तर त्याच्या बाहेरील भिंतींचे क्षेत्रफळ 200 चौरस मीटर भरेल. त्यांपैकी 160 चौरस मीटर दोन लांब भिंतींचे असेल. हेच घर ओळीत असले, तर या दोन्ही भिंतींना शेजारच्या घरांचा आडोसा मिळतो. म्हणजे वेगळा खर्च न करता चार-पंचमांश भिंती उन्हापासून वाचतात.

उरते ते छप्पर. पापनाशम विषुववृत्ताच्या उत्तरेस सुमारे 11 अंशांवर असल्यामुळे एप्रिल आणि ऑगस्ट महिन्यांत सूर्य तेथे अगदी माथ्यावर येतो. जुन्या ‘मद्रास धाब्यात’ लाकडी तुळयांवर चुन्यात रचलेल्या विटा आणि त्यांवर विटांच्या तुकड्यांचा जाड थर असतो. त्यातून उष्णता सावकाश उतरते. उघडा काँक्रीटचा स्लॅब मात्र दिवसभर तापतो आणि रात्री ती उष्णता घरात सोडतो. केंद्र शासनाने 2018 साली जाहीर केलेल्या ‘इको निवास संहिते’नुसार तापमानातील दर अंश फरकामागे छपराच्या एका चौरस मीटरमधून 1.2 वॅटहून अधिक उष्णता जाऊ नये. उघड्या स्लॅबमधून तिनाहून अधिक वॅट जाते. पण ही संहिता 500 चौरस मीटर वा त्याहून मोठ्या भूखंडांसाठी रचलेली आहे. लहान घराच्या मालकाला आपला विचार आपणच करावा लागतो.

तो विजेच्या भाषेतही करता येईल. 75 वॅटचा पंखा आठ तासांत 0.6 युनिट वीज घेतो. दीड किलोवॅटचे वातानुकूलन यंत्र तेवढाच वेळ पूर्ण शक्तीने चालले, तर 12 युनिट लागतात. जे घर पंख्यावर भागविते, त्याची ही वार्षिक बचत किमतीत धरली पाहिजे.

अर्थात जुने ते सारेच उत्तम नव्हे. तुळयांना वाळवी लागते, धाबे गळते, चुन्याचे काम जाणणारे गवंडी सहजी मिळत नाहीत. शिवाय या घराला बाजूने खिडक्या नसतात. चौकावर पत्रा घातला की उजेड आणि वारा दोन्ही अडतात, आणि दमट हवेत घाम वाळेनासा होतो. म्हणून चौक मोकळा राखावा, ओसरी बंद करू नये आणि छपराला पांढऱ्या चुन्याचा हात द्यावा. हे उपाय स्वस्त आहेत.

एक गोष्ट मात्र एकट्या मालकाच्या हाती नसते. शेजारचे घर पाडून जागा मोकळी झाली, की आपली 80 चौरस मीटर भिंत उन्हात उघडी पडते. खरेदीखतात या आडोशाची नोंद नसते. तरीही घराच्या मोलाचा मोठा वाटा त्यातच असतो. ओळ टिकली, तरच तो टिकतो.