मातीकामातील पाण्याचा गुण

मातीकाम शिकविताना आम्ही मातीविषयी पुष्कळ सांगतो, पाण्याविषयी क्वचितच. आमच्या वसतिगृहातील मुलांनी केलेल्या पणत्या वाळताच त्यांच्या काठांवर पांढरा लोणा फुलला, तेव्हा आम्ही मातीलाच दोष दिला आणि ती बदलली. लोणा कायम राहिला. पाणी खाडीलगतच्या विहिरीचे होते, याकडे आमचे लक्षच गेले नव्हते.

उल्हास नदी कल्याणपाशी खाडीला मिळते. भरतीचे खारे पाणी येथवर चढते, म्हणून काठच्या विहिरी उन्हाळ्यात मचूळ होतात. वस्तू वाळताना आतील पाणी पृष्ठभागाकडे येते, सोबत विरघळलेले क्षार आणते. काठ लवकर वाळतो, म्हणून ते तेथे अधिक साचतात. अशा जागी झिलई नीट धरत नाही. पाणी उकळून हे मीठ जात नाही, उलट दाट होते. काळ्या बशीत थोडे पाणी उन्हात आटवावे. उरलेला पांढरा थरच उत्तर देतो.

साच्यात ओतण्याच्या मातीची अडचण निराळी. थोड्या पाण्यात माती प्रवाही राहावी म्हणून तीत सोडियम सिलिकेट घालतात. त्यामुळे मातीचे कण परस्परांपासून दूर राहतात. दुष्फेन पाण्यातील कॅल्शियम व मॅग्नेशियम त्यांना पुन्हा एकत्र आणतात आणि मिश्रण घट्ट होते. कारागीर मग आणखी पाणी ओततो. येथेच खरी चूक घडते: साचा ओलावतो, वस्तू अधिक आकसते व तडकते. धुण्याचा सोडा कॅल्शियम खाली बसवितो. परंतु कोकणात पावसाचे पाणी साठवून वापरणे अधिक सोपे.

सांडपाण्यात हाच गुण उपयोगी पडतो. बारीक माती दिवसेंदिवस तळाशी बसत नाही. तुरटी घातली की कण गोळा होऊन बसतात. ओतकामात जे नको, तेच येथे हवे! हे निवळलेले पाणी मात्र ओतण्याच्या मातीत घालू नये; तुरटीचा अंश तीही घट्ट करतो. फरशी धुण्यास ते पुरेसे आहे.

झिलईची भांडी मुलांनी वेगळ्या बादलीत धुवावीत. तिच्यातील तांबे, कोबाल्ट यांसारख्या धातूंचा साका मातीत मिसळू नये, गटारातही सोडू नये. गटार अखेर खाडीला मिळते, आणि त्या खाडीत जाळे टाकणारी घरे आजही आहेत.