उस्तादांचा कान आणि पडद्याचा आवाज

आपल्या चार वर्षांच्या मुलाच्या मकतबात कदाचित टॅब आला असेल. अक्षराला बोट लावताच उच्चार ऐकू येतो. हे साधन निषिद्ध नाही. सूरह अल-अलकच्या आरंभीच लेखणीद्वारे दिलेल्या ज्ञानाचा उल्लेख आहे, आणि लेखणी हेही साधनच होय. प्रश्न एवढाच की, साधनाने उस्तादांची जागा घ्यावी काय?

अरबीत ‘क़ल्ब’ म्हणजे हृदय, तर ‘कल्ब’ म्हणजे कुत्रा. ‘क़ाफ’चा उच्चार जिभेच्या मुळाशी होतो, ‘काफ’चा त्याच्या किंचित पुढे. मराठीत हा भेद नसल्याने आपली मुले येथे अडखळतात. ध्वनिमुद्रण शुद्ध उच्चार शंभरदा ऐकवील. परंतु ते मुलाचे ऐकत नाही, त्याची जीभ कोठे चुकली हे पाहत नाही. म्हणूनच ही विद्या मुखातून कानाकडे चालत आली. प्रेषित मुहम्मद (स.) स्वतः दर रमजानमध्ये हजरत जिब्रईल (अ.) यांच्यासह कुरआनची उजळणी करीत.

तेव्हा क्रम असा असावा : आधी उस्तादांनी म्हणावे, मग मुलाने; टॅब केवळ उजळणीला, तोही काही मिनिटे. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१९ मध्ये २ ते ४ वर्षांच्या मुलांनी दिवसाकाठी एका तासाहून अधिक काळ पडद्यासमोर बसू नये, कमी तितके उत्तम, असे सुचविले आहे.

घरीही मगरिबनंतर मोबाइल दूर ठेवून मुलाला जवळ घ्या आणि आजचा धडा ऐका. आपले म्हणणे कोणी मन लावून ऐकत आहे, ही जाणीव यंत्र देऊ शकत नाही. मूल ही अल्लाहने सोपविलेली अमानत आहे. ती जपण्याची सद्बुद्धी तो आपणा सर्वांना देवो. आमीन.