घरचा मुलगा नफ्याच्या रकान्यात

(आत्या पुण्यात सीए आहे. इंग्लंडच्या लँकेशायरमधला ब्लॅकबर्न रोव्हर्स हा क्लब ती वर्षानुवर्षं मनापासून पाहत आली आहे. भाचा कॉलेजात आहे. त्याला फुटबॉल कळतो, ताळेबंद कळत नाही.)

भाचा : आत्या, मला एक सांग. ब्लॅकबर्नचे मालक आपल्या पुण्याचे, व्यंकीजवाले. पोल्ट्रीच्या धंद्यातलं एवढं मोठं घराणं. प्रीमियर लीगमध्ये परत जायचंय तर चार चांगले खेळाडू का घेत नाहीत?

आत्या : कारण मालकाकडे पैसा असला तरी तो क्लबवर हवा तेवढा उधळायची मुभा नाही. प्रीमियर लीगच्या खालच्या पायरीला चॅम्पियनशिप म्हणतात. तिथे क्लबला सलग तीन हंगामांत मिळून जास्तीत जास्त 3 कोटी 90 लाख पौंड तोटा करता येतो. तेही मालकाने पदरचे पैसे भागभांडवल म्हणून घातले तर. नाही घातले, तर तीन वर्षांची मर्यादा फक्त दीड कोटी.

भाचा : म्हणजे तोटा होणार हे धरूनच चाललेत? नफ्याचं कुणी बोलतच नाही?

आत्या : नाही बोलत. तिथे 24 संघ, प्रत्येकाचे 46 सामने. पहिले दोन थेट वर जातात. पुढचे चार प्लेऑफ खेळतात आणि त्यातून वेंब्लीच्या अंतिम सामन्यात एकाची निवड होते. त्या एका सामन्याची किंमत पुढच्या काही वर्षांच्या उत्पन्नात मोजली, तर पंधरा-वीस कोटी पौंडांच्या घरात जाते. एवढं बक्षीस समोर दिसल्यावर माणसं काय करतील? 2017-18 पासून सलग काही हंगाम चॅम्पियनशिपच्या क्लबांचा नुसता पगाराचा खर्च एकूण उत्पन्नापेक्षा जास्त होता. 2019-20 मध्ये तर कमावलेल्या प्रत्येक 100 पौंडांमागे सुमारे 120 पौंड पगारात गेले. कोविडने त्यात भर घातली, पण सवय आधीचीच.

भाचा : मालक स्वतःच्या खिशातून भरतोय ना? मग लीगला काय त्रास?

आत्या : मालक भरतोय तोवर नाही. तो थांबला की काय होतं ते ब्लॅकबर्नच्या शेजारच्या बरी गावात दिसलं. 1885 मध्ये स्थापन झालेला क्लब. 2019 च्या एप्रिलअखेरीस त्यांनी चौथ्या पायरीवरून तिसरीवर बढती मिळवली आणि त्याच ऑगस्टमध्ये लीगने त्यांना काढून टाकलं, कारण हंगाम निभावून नेण्याइतका पैसा आहे हे त्यांना दाखवता आलं नाही. वरच्या पायरीवरचा एकही सामना ते खेळले नाहीत. गावातली पिढ्यान्‌पिढ्यांची शनिवारची दुपार एका आठवड्यात संपली. म्हणून नियम नकोतच असं म्हणणाऱ्यांशी मी कधीच सहमत होणार नाही.

भाचा : पण पूर्वी असे नियम नव्हते ना? ब्लॅकबर्नने प्रीमियर लीग जिंकलीये की.

आत्या : 1995 मध्ये. जॅक वॉकर नावाचा गावातलाच पोलादाचा व्यापारी. 1991 मध्ये त्याने क्लब हाती घेतला, केनी डालग्लिशला प्रशिक्षक म्हणून आणलं, 1992 मध्ये प्लेऑफ जिंकून संघ वर आला आणि त्याच उन्हाळ्यात ॲलन शिअररला तेव्हाचा ब्रिटिश विक्रम मोडून विकत घेतलं. तीन वर्षांत विजेतेपद. लाख-सव्वालाख वस्तीच्या गावाचा क्लब! आजच्या नियमांत वॉकरला पहिल्या दोन वर्षांतच थांबावं लागलं असतं. व्यंकीजने 2010 च्या नोव्हेंबरमध्ये क्लब घेतला, 2012 मध्ये संघ खाली घसरला, आणि नेमक्या त्याच वर्षी चॅम्पियनशिपच्या क्लबांनी खर्चाच्या नियमांना मान्यता दिली. मधल्या काळात संघ आपल्या बालेवाडीत येऊन पुणे एफसीशी खेळूनही गेला होता, 2011 च्या ऑक्टोबरमध्ये.

भाचा : घसरल्यावर खर्च केलाच नाही का त्यांनी?

आत्या : केला की. जॉर्डन ऱ्होड्स नावाच्या गोल करणाऱ्या पोरासाठी 80 लाख पौंड मोजले. लगेच वर जाऊ असा हिशेब होता. तो चुकला. 2013-14 च्या हंगामासाठी तोट्याची मर्यादा 80 लाखांची होती, ती ओलांडली म्हणून 2014 च्या डिसेंबरमध्ये त्यांच्यावर, लीड्सवर आणि नॉटिंगहॅम फॉरेस्टवर खेळाडूखरेदीची बंदी आली. 2015 च्या उन्हाळ्यात त्याच्या जोडीचा आघाडीवीर गेस्टेड गेला, 2016 च्या फेब्रुवारीत खुद्द ऱ्होड्स मिडल्सब्रोला विकला. मिडल्सब्रो त्याच मे महिन्यात प्रीमियर लीगमध्ये गेलं. ब्लॅकबर्न पुढच्या वर्षी तिसऱ्या पायरीवर. फॉरेस्टइतकेच 51 गुण, फक्त गोलफरकाने.

भाचा : बाप रे. पण आता मला तुझ्या धंद्यातलं सांग. तोटा मोजतात कसा? शंभरचा खेळाडू घेतला की शंभर खर्च?

आत्या : इथेच सगळी गोम आहे, नीट ऐक. एक कोटीला खेळाडू घेतला आणि चार वर्षांचा करार केला, तर पुस्तकात दरवर्षी 25 लाख खर्च पडतो. यंत्राचा घसारा लावतात तसाच. दोन वर्षांनी पुस्तकात त्याची किंमत 50 लाख उरते. तेव्हा 80 लाखांना विकला तर नफा 30 लाख, आणि तो सगळा त्याच वर्षी जमा. कळलं?

भाचा : कळलं. खरेदीचा खर्च हप्त्यांनी, विक्रीचा नफा एकदम.

आत्या : आता अकादमीतून आलेला मुलगा घे. त्याला विकत घेतलेला नाही, म्हणजे पुस्तकात त्याची किंमत शून्य. तो पावणेदोन कोटींना विकला तर पूर्ण पावणेदोन कोटी नफा. शिवाय अकादमीवरचा खर्च तोट्याच्या मोजणीतून वगळतात, महिला संघ आणि समाजकार्यावरचाही. हेतू चांगला होता, मुलं घडवा म्हणून. पण परिणाम असा की तोटा मर्यादेच्या काठावर आला की सर्वांत आधी नजर जाते ती घरात वाढलेल्या मुलाकडे. बाहेरून आणलेला महागडा खेळाडू विकून हिशेब फारसा हलत नाही. हा मुलगा विकला की एका सहीत सुटका.

भाचा : ॲडम व्हार्टन!

आत्या : तोच. ब्लॅकबर्नमध्ये जन्मलेला, सहाव्या वर्षी क्लबच्या अकादमीत आलेला. 2024 च्या सुरुवातीला क्रिस्टल पॅलेसने त्याला सुमारे 1 कोटी 80 लाख पौंड आणि पुढच्या अटींनुसार जादा रक्कम देऊन नेलं. पाच महिन्यांत तो युरो स्पर्धेसाठी इंग्लंडच्या संघात होता. मागे राहिलेला ब्लॅकबर्न मात्र त्या हंगामाच्या शेवटच्या दिवशी लेस्टरला हरवून कसाबसा चॅम्पियनशिपमध्ये टिकला. त्या सामन्यातले दोन्ही गोल करणारा आणि हंगामात लीगचे 27 गोल ठोकणारा सॅमी स्मोडिक्सही त्याच ऑगस्टमध्ये इप्सविचला गेला. बियाण्याचं धान्य विकून उधारी फेडावी, तसं चाललं होतं ते.

भाचा : सगळं नियमांमुळेच?

आत्या : नाही, आणि हे मला स्पष्ट सांगायला हवं. त्या काळात व्यंकीजला भारतातून क्लबसाठी पैसे पाठवायला दिल्ली उच्च न्यायालयाची परवानगी घ्यावी लागत होती. तो फुटबॉलचा नियम नाही, आपल्याकडचं प्रकरण आहे. रोकड अडली, म्हणून विक्रीची घाई वाढली. पण रोकड नसती अडली तरी नियमांनी त्यांना त्याच दाराशी नेलं असतं. 2022-23 मध्ये ते सातवे आले, सहाव्या संघाइतकेच 69 गुण, प्लेऑफ गोलफरकाने हुकला. 2024-25 मध्ये पुन्हा सातवे, दोन गुणांनी. एक खेळाडू जास्त असता तर? हा प्रश्न मला झोपू देत नाही.

भाचा : मग क्लब पळवाटा काढत नाहीत?

आत्या : काढल्या. सगळ्यात मोठी पळवाट म्हणजे मैदान विकणं. डर्बी काउंटीने 2018 मध्ये आपलं प्राइड पार्क मैदान मालकाच्याच दुसऱ्या कंपनीला सुमारे 8 कोटी 10 लाख पौंडांना विकलं. मैदान जागेवरच, पण पुस्तकात भला मोठा नफा. ॲस्टन व्हिलानेही तेच केलं. 2019 च्या प्लेऑफ अंतिम सामन्यात हेच दोघे समोरासमोर होते. व्हिला 2-1 ने जिंकून वर गेलं आणि आज युरोपात खेळतं. डर्बी खाली राहिलं.

भाचा : आणि शिक्षा?

आत्या : मैदानाच्या विक्रीवरून नाही झाली. पकडले गेले ते घसाऱ्यावरून. मघाशी सांगितलं तसं दरवर्षी सारखा हप्ता न लावता, कराराच्या शेवटी खेळाडू विकून अमुक रक्कम येईलच असं गृहीत धरून त्यांनी सुरुवातीच्या वर्षांत खर्च कमी दाखवला. लेखापरीक्षण करणाऱ्या माणसाला हे वाचून धडकी भरते. कराराच्या शेवटी खेळाडू फुकट निघून जातो, येणार काय? 2021 मध्ये क्लब दिवाळखोरीत गेला म्हणून 12 गुण कापले, मग हिशेबाचे आणखी 9. वेन रूनी प्रशिक्षक होता. पोरांनी जीव तोडून 55 गुण मिळवले, तक्त्यात दिसले 34. संघ तिसऱ्या पायरीवर गेला. ज्यांनी ते हिशेब लिहिले त्यांच्यातला कुणी त्या मैदानावर धावत नव्हता, याचं मला फार वाईट वाटतं.

भाचा : आणि ज्यांचा जुगार यशस्वी होतो ते?

आत्या : ते बहुतेक वेळा दंड भरून सुटतात. क्वीन्स पार्क रेंजर्स 2014 मध्ये नियम मोडून वर गेलं. खटला चालत राहिला, तडजोड झाली 2018 मध्ये, 4 कोटी 20 लाखांची. त्या अंतिम सामन्यात नव्वदाव्या मिनिटाला गोल खाऊन कोण हरलं होतं? डर्बी. त्यांना काही परत मिळालं नाही. चार वर्षांनी आलेला न्याय हरलेल्याच्या कामाचा नसतो.

भाचा : फॉरेस्टचे गुण तर प्रीमियर लीगमध्ये कापले होते ना?

आत्या : हो, 4 गुण, 2024 च्या मार्चमध्ये. ते प्रकरण बढतीच्या मागे धावणाऱ्या प्रत्येक क्लबने भिंतीवर लावावं. प्रीमियर लीगमध्ये तेव्हा तीन वर्षांची मर्यादा साडेदहा कोटींची होती. पण जो नुकताच वर आला त्याची मागची वर्षं खालच्या दराने मोजत. म्हणून फॉरेस्टला 6 कोटी 10 लाखच मिळाले, आणि तोटा झाला साडेनऊ कोटींच्या वर. त्यांचा ब्रेनन जॉन्सन हा अकादमीतलाच मुलगा. 30 जूनला हिशेबाचं वर्ष संपायच्या आत विकला असता तर मर्यादा एवढी ओलांडली गेली नसती. पण तेव्हा देऊ केलेली किंमत कमी होती. त्यांनी थांबून 1 सप्टेंबरला टॉटनहॅमला 4 कोटी 75 लाखांना विकला. व्यापारी म्हणून शहाणपणाचा निर्णय. निवाडा करणाऱ्या आयोगाने ऐकलं नाही, तारीख म्हणजे तारीख.

भाचा : पण मला एक खटकतंय. लेस्टर, लीड्स, बर्नली खाली येतात आणि लगेच परत वर जातात. त्यांना हे नियम नडत नाहीत का?

आत्या : आता मुद्द्यावर आलास. खाली घसरलेल्या क्लबला जास्तीत जास्त तीन वर्षं प्रीमियर लीगकडून पैसे मिळतात, पॅराशूट म्हणतात त्याला. वरच्या क्लबांना प्रक्षेपणाच्या पैशांतून जो समान वाटा मिळतो त्याच्या 55 टक्के पहिल्या वर्षी, मग 45, मग 20. पहिल्या वर्षाचेच साडेचार-पाच कोटी पौंड होतात. ब्लॅकबर्नचं खेळाडू विक्री सोडून सगळं वर्षाचं उत्पन्न याच्या निम्म्याच्या आसपास आहे. मर्यादा खर्चावर नाही, तोट्यावर आहे. म्हणजे ज्याचं उत्पन्न मोठं, त्याला कायदा पाळून दुप्पट-तिप्पट पगार देता येतो. 2023 मध्ये लेस्टर, लीड्स, साउदॅम्प्टन खाली आले. पुढच्याच वर्षी दोघे वर, लीड्स अंतिम सामन्यात हरलं आणि त्याच्या पुढच्या वर्षी बर्नलीबरोबर 100 गुण मिळवून गेलं.

भाचा : मग बाकीच्यांनी काय करायचं?

आत्या : ब्रेंटफर्डने दाखवलं. दरवर्षी सर्वोत्तम खेळाडू विकायचा, आणि त्याची जागा घेणारा आधीच हेरून ठेवायचा. 2020 चा अंतिम सामना हरल्यावर वॉटकिन्स आणि बेनरहमा दोघेही विकले, आयव्हन टोनीला आणलं. त्याने लीगमध्ये 31 गोल केले, क्लब 2021 मध्ये वर. याला फार हुशार माणसं लागतात आणि नशीबही. सगळ्यांना जमणारं नाही ते.

भाचा : संडरलँडही पॅराशूटशिवाय वर गेलं, 2025 मध्ये. तो अंतिम सामना मी पाहिला. पंच्याण्णवाव्या मिनिटाला टॉम वॉटसनचा गोल!

आत्या : आणि तो वॉटसन कुठला? त्यांच्याच अकादमीतला, त्याच परिसरातला. ब्रायटनला जायचा त्याचा करार आधीच पक्का झाला होता. क्लबला वर नेणारा गोल ज्याने केला, तो त्यांच्यासाठी प्रीमियर लीगमध्ये एक मिनिटही खेळला नाही.

भाचा : तुझ्या हातात असतं तर काय बदललं असतंस?

आत्या : अकादमीतल्या मुलाच्या विक्रीचा नफाही काही वर्षांत विभागून धरायला लावला असता. खरेदीचा खर्च विभागता, तर विक्रीचा नफा का नाही?

भाचा : पण मग ब्लॅकबर्नसारखेच आधी अडकतील. व्हार्टन विकूनही त्या वर्षी थोडाच नफा दिसला असता.

आत्या : खरं आहे. म्हणून ते एकट्याने नाही चालणार, आधी पॅराशूट आखडायला हवं. मालकालाही जास्त खर्च करू द्यावा, पण करारातल्या सगळ्या वर्षांचे पगार आगाऊ ठेव म्हणून बाजूला टाकल्यावरच. वॉकरसारखा माणूस पुन्हा येऊ शकेल, आणि गेला तरी बरीसारखं होणार नाही. इंग्लंडने 2025 मध्ये फुटबॉलच्या कारभाराचा कायदा केलाय, स्वतंत्र नियामकही नेमलाय. पैशांच्या वाटपावर प्रीमियर लीग आणि खालच्या पायऱ्यांची लीग यांचं जमलं नाही तर त्याला निवाडा करता येतो, आणि पॅराशूटची रक्कमही त्या निवाड्यात येते. प्रीमियर लीगवाल्यांना हे अजिबात आवडलेलं नाही, आणि त्यांचे वकील भारी आहेत. पण खालच्या क्लबांनी आता तिथेच दाद मागायला हवी.