क्षमा मागणे : यहुदी परंपरेतील 'सलिहोत' प्रार्थना



प्रायश्चित्तकाळात आपण उपवास करतो, क्रुसाच्या वाटेची भक्ती करतो आणि पापनिवेदनाला जातो. ज्या लोकांत प्रभू येशू जन्मला, ते यहुदी लोक देवाकडे क्षमा कशी मागतात, हे समजून घेतले तर आपल्याही प्रायश्चित्ताला खोली येईल.

सलिहोत म्हणजे काय?

हिब्रू भाषेत 'सलिहा' म्हणजे क्षमा. 'सलिहोत' हे त्याचे अनेकवचन. नववर्ष (रोश हशाना) आणि त्यानंतर दहाव्या दिवशी येणारा प्रायश्चित्ताचा दिवस (योम किप्पूर) यांच्या तयारीसाठी या प्रार्थना रात्री उशिरा किंवा पहाटे, उजाडण्यापूर्वी म्हटल्या जातात. त्यांची आजची मांडणी येशूच्या काळानंतरची आहे. पण त्यांचा गाभा निर्गम ३४:६-७ मध्ये आहे. सोन्याच्या वासराचे पाप घडल्यानंतर सीनाय पर्वतावर परमेश्वराने मोशेला आपले स्वरूप प्रकट केले : दयाळू, कृपाळू, मंदक्रोध, क्षमा करणारा. यालाच 'दयेचे तेरा गुण' म्हणतात. सलिहोतमध्ये ते पुन्हा पुन्हा उच्चारले जातात.

प्रथा मात्र सर्वत्र सारखी नाही. मूळच्या स्पेन व पूर्वेकडील देशांतील यहुदी (सेफार्दी) एलूल महिन्याच्या आरंभापासून योम किप्पूरपर्यंत या प्रार्थना म्हणतात. मोशेने दुसऱ्यांदा दगडी पाट्या आणताना पर्वतावर घालवलेल्या चाळीस दिवसांची ही आठवण मानली जाते. मध्य व पूर्व युरोपातील यहुदी (अश्केनाझी) नववर्षापूर्वीच्या शनिवारी मध्यरात्रीनंतर सुरुवात करतात. परंतु नववर्षाआधी निदान चार दिवस मिळाले पाहिजेत, नाहीतर एक आठवडा आधी आरंभ होतो. अर्पणाच्या पशूत काही व्यंग आहे का, हे चार दिवस तपासले जाई. तसे माणसाने स्वतःला तपासावे, असे याचे एक कारण सांगितले जाते.

हे लोक आपल्याला परके नाहीत. कोकणातील बेने इस्राएल समाजाची मातृभाषा मराठीच. ते सेफार्दी पद्धतीने उपासना करतात. सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी १७९६ साली मुंबईच्या मांडवी भागात बांधलेल्या त्यांच्या सिनेगॉगचे नाव आहे 'शआर हारहमीम', म्हणजे 'दयेचे द्वार'.

एकट्याने की सर्वांनी मिळून?

दयेचे तेरा गुण एखाद्याने घरी एकट्याने म्हणावेत का, यावर रब्बींमध्ये वाद झाला. योसेफ कारो यांच्या 'शुल्हान आरुख' (मुद्रण १५६५) या नियमग्रंथात निर्णय असा आहे : एकट्याने ते प्रार्थना म्हणून म्हणू नयेत, शास्त्रवाचन म्हणून वाचावेत. प्रार्थना म्हणून म्हणायचे तर दहा जणांची मंडळी हवी. पाप माझे असले तरी त्याचा घाव सर्व समाजाला लागतो, म्हणून क्षमायाचनेतही समाज सोबत हवा. मिस्साच्या आरंभी आपण पापकबुली एकत्र म्हणतो, ती देवाबरोबरच बंधुभगिनींसमोरही म्हणतो. त्यामागचा विचार याच्याशी किती जवळचा आहे!

'म्हणा' की 'करा'?

तल्मूदमध्ये (रोश हशाना १७ब) रब्बी योहानान एक धाडसी चित्र उभे करतात : देवाने जणू प्रार्थना चालवणाऱ्याप्रमाणे शाल पांघरली आणि मोशेला प्रार्थनेचा क्रम दाखवला. इस्राएल पाप करील तेव्हा त्याने माझ्यापुढे याप्रमाणे करावे, म्हणजे मी क्षमा करीन, असे देव म्हणाला.

पुढच्या पिढ्यांनी विचारले, पुष्कळ लोक हे शब्द म्हणतात, तरी त्यांना उत्तर मिळत नाही, असे का? काही रब्बींनी उत्तर दिले : तेथे 'म्हणावे' असा शब्दच नाही, 'करावे' असा आहे. देव दयाळू आहे असे नुसते म्हणायचे नाही, तर आपणही दयाळू व्हायचे. १६ व्या शतकात त्सफात येथील मोशे कोर्दोव्हेरो यांनी 'तोमेर देवोरा' या छोट्या ग्रंथाचे पहिले प्रकरण याच विषयाला वाहिले. देवाच्या दयेचे तेरा पैलू माणसाने आपल्या अंगी कसे आणावेत, हे त्यांनी एकेक करून सांगितले आहे.

ज्याला दुखावले त्याचे काय?

मिश्ना (योमा ८:९) याबाबत स्पष्ट आहे. माणूस आणि देव यांच्यातील पापांचे प्रायश्चित्त योम किप्पूर घडवतो. माणूस आणि माणूस यांच्यातील पापांचे मात्र घडवत नाही. आधी दुखावलेल्या माणसाची समजूत काढली पाहिजे. तल्मूद म्हणते, त्यासाठी तीनदा जावे. आणि तो मनुष्य मरण पावला असेल तर? दहा जणांना घेऊन त्याच्या कबरीपाशी उभे राहावे आणि आपण देवाविरुद्ध व या माणसाविरुद्ध पाप केले, असे सर्वांसमक्ष कबूल करावे.

वेदीवर अर्पण आणल्यावर भावाच्या मनात काही असल्याचे आठवले, तर अर्पण तेथेच ठेवून आधी समेट करायला जा, असे प्रभू सांगतो (मत्तय ५:२३-२४). हे वचन याच मातीतून उगवले आहे.

ख्रिस्तसभेनेही हा धडा गिरवला. यहुदी लोकांशी ख्रिस्ती लोकांचे वर्तन अनेक शतके अन्यायाचे होते. मार्च २००० मध्ये संत जॉन पॉल दुसरे यरुशलेमला गेले आणि त्यांनी पश्चिम भिंतीच्या फटीत क्षमायाचनेची लेखी प्रार्थना ठेवली. रोममध्ये ते शब्द उच्चारले गेलेच होते. तरी वृद्ध व आजारी पोप स्वतः तेथपर्यंत चालत गेले.

पापनिवेदनात मिळणारी क्षमा खरी आहे, पूर्ण आहे. पण तीच क्षमा आपल्याला कोणाच्या तरी दारी पाठवते. बांधावरून, वाटणीवरून, लग्नातल्या मानापानावरून अबोला धरलेली घरे आपल्या धर्मग्रामातही आहेत. ईस्टरपूर्वी तेथे जाण्यासाठी दिवस अजून हातात आहेत.

कुटुंबात विचार करण्यासाठी

१. आपण ज्याच्याशी बोलत नाही, अशी एक व्यक्ती कोण?
२. तिच्याकडे कितीदा गेलो? तीनदा तरी गेलो का?
३. आपल्या घरातील मुले आपल्याकडून क्षमेचे शब्द शिकत आहेत, की क्षमेची कृती?

– आपला धर्मगुरू