तक्ता आणि प्रतिरूप : डहाणू-तलासरीच्या धक्क्यांचे गणित

नोव्हेंबर २०१८ पासून पालघर जिल्ह्यातील डहाणू व तलासरी तालुक्यांना भूकंपाचे लहानमोठे धक्के बसू लागले. १ फेब्रुवारी २०१९ रोजी ४.१ महत्तेचा धक्का बसला. धुंदलवाडी परिसरातील अनेक कुटुंबांनी थंडीतल्या रात्री घराबाहेर काढल्या. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने या भागात भूकंपमापक बसविले.

समजा, अशा नोंदी तुमच्या हाती आल्या. तुम्ही संगणकावर स्प्रेडशीट उघडाल आणि तारीख, वेळ, महत्ता असे रकाने भराल. सुरुवात योग्यच आहे. पण हा तक्ता आपल्याला कोठवर नेईल?

एका धक्क्याची महत्ता २ व दुसऱ्याची ४ असेल, तर तक्ता क्षणात ३ ही सरासरी देईल. परंतु महत्ता लॉगरिथमच्या प्रमाणात मोजतात. ती १ ने वाढली, की मुक्त होणारी ऊर्जा सुमारे ३२ पट होते. २ ने वाढली, की १००० पट. पहिल्या धक्क्याची ऊर्जा १ एकक मानली, तर दोहोंची सरासरी सुमारे ५०० एकके येते. ३ महत्तेच्या धक्क्याची ऊर्जा मात्र अवघी ३२ एकके! तक्त्याचे गणित बरोबर होते. त्याला अंकांचा अर्थ ठाऊक नव्हता. ही चूक सूत्र बदलून सुधारता येते. पुढची अडचण अधिक कठीण आहे.

धक्का जमिनीखाली नेमका कोठे उगम पावला? भूकंपमापकाकडे प्राथमिक तरंग आधी पोहोचतात, दुय्यम तरंग नंतर. त्यांचे वेग सेकंदाला ६ व ३.५ किलोमीटर मानल्यास, दोहोंच्या वेळांतील फरकाला ८.४ ने गुणले की उगमाचे अंतर मिळते. फरक २ सेकंदांचा असेल, तर अंतर सुमारे १७ किलोमीटर. एवढे तक्ता करील. पण खडकाच्या निरनिराळ्या थरांत वेग निरनिराळा असतो. गृहीत धरलेला वेग चुकला, तर सगळ्याच ओळी चुकतात. आणि तक्त्यातील एक ओळ दुसरीला तपासत नाही.

म्हणून शास्त्रज्ञ प्रतिरूप, म्हणजे मॉडेल, तयार करतात. उगमाचे स्थान, खोली आणि वेळ यांचा प्रथम अंदाज धरायचा. थरांतून तरंग प्रत्येक केंद्रावर केव्हा पोहोचतील ते काढायचे. प्रत्यक्ष नोंदीशी ताडून अंदाज सुधारायचा. फरक अगदी कमी होईपर्यंत हे पुन:पुन्हा करायचे.

२००० साली वाल्डहाउझर व एल्सवर्थ यांनी आणखी एक युक्ती मांडली. शेजारशेजारच्या दोन धक्क्यांचे तरंग एकाच केंद्राकडे जवळजवळ एकाच वाटेने येतात. त्यांच्या वेळांची वजाबाकी केली, की वाटेतील खडकांविषयीची चूक बरीचशी निघून जाते. अशा असंख्य जोड्या एकत्र सोडविल्या, की नकाशावर विखुरलेले ठिपके पुष्कळदा एका रेषेत गोळा होतात. ती रेषा म्हणजे भूपृष्ठाखालच्या भेगेचा माग! तो ओळींच्या परस्परसंबंधात दडलेला असतो.

प्रतिरूपालाही मर्यादा आहेत. पुढचा धक्का केव्हा बसेल, हे ते सांगत नाही. पण भेग कोठे आहे हे कळले, तर कोणत्या पाड्यांतील घरे आधी मजबूत करावीत, हे ठरविण्यास मदत होते.

आता एक उदाहरण सोडवा : ४ महत्तेच्या एका धक्क्याइतकी ऊर्जा मुक्त होण्यास ३ महत्तेचे किती धक्के लागतील?