जलप्रदूषण : कारणे, परिणाम आणि उपाय (पंचगंगा नदीच्या उदाहरणासह)



परिसर अभ्यासात जलप्रदूषणाचा भाग आला की आपण फळ्यावर तीन रकाने आखतो. कारणे, परिणाम, उपाय. मुलं ते वहीत उतरवून घेतात, परीक्षेत पाच कारणं लिहितात, गुणही मिळतात. पण पुस्तक मिटून "पाणी कोण घाण करतं रे?" असं तोंडी विचारा. निम्म्याहून जास्त वर्ग एका सुरात म्हणतो, "कारखाने!" म्हणजे प्रदूषण करणारे कोणी दुसरेच आणि आपण नुसते बघणारे, असं मुलांच्या मनात बसलेलं असतं. कारखाने दोषी आहेतच, पण उत्तर तिथंच संपत नाही.

म्हणून हा भाग शिकवताना मी फळ्याच्या मध्यभागी एक वाक्य लिहिते : वरच्या गावाचं सांडपाणी हे खालच्या गावाचं पिण्याचं पाणी असतं. कारणे, परिणाम आणि उपाय या तिन्ही गोष्टी या एका वाक्याला जोडल्या की धडा पाठ करावा लागत नाही. मी शिरोळ तालुक्यातल्या जिल्हा परिषद शाळेत शिकवते, त्यामुळे उदाहरण पंचगंगेचं घेतलं आहे. तुम्ही तुमच्या गावची नदी, ओढा किंवा तलाव घ्या.

जलप्रदूषण म्हणजे काय?

पाण्यात नको ते पदार्थ, जंतू किंवा उष्णता मिसळून ते पाणी माणसांना, जनावरांना, माशांना किंवा शेतीला अपायकारक होतं, तेव्हा त्याला जलप्रदूषण म्हणतात. पृथ्वीवरचं सुमारे ९७ टक्के पाणी समुद्राचं, खारं आहे. उरलेल्या गोड्या पाण्यापैकी बरंचसं बर्फाच्या रूपात किंवा जमिनीत खोल आहे. नद्या, तलाव, विहिरी यांतून सहज हाताला लागणारं पाणी फार थोडं. आपण घाण करतो ते हेच थोडं पाणी.

इथं मुलांचा एक गैरसमज आधी दूर करावा. घाण पाणी म्हणजे काळं किंवा वास येणारं पाणी, असं त्यांना वाटतं. काविळीचे विषाणू असलेलं पाणी अगदी नितळ दिसू शकतं. आणि पावसाळ्यातलं गढूळ पाणी मातीमुळे गढूळ असतं, पण त्यात वाहून आलेली घाणही असू शकते. त्यामुळे नुसतं डोळ्यांनी बघून पाणी पिण्यालायक आहे की नाही हे ठरत नाही.

नदीची वाट

कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि गुप्त मानली जाणारी सरस्वती अशा पाच नद्यांची मिळून पंचगंगा होते. प्रयाग चिखलीच्या संगमापासून ती कोल्हापूर शहराजवळून वाहते, पुढे इचलकरंजी, मग शिरोळ तालुका आणि शेवटी नृसिंहवाडीला कृष्णेला मिळते. कृष्णा पुढे कर्नाटकात जाते.

फळ्यावर ही रेघ काढा आणि मुलांना विचारा, "कोल्हापूरच्या खाली कोण? इचलकरंजीच्या खाली कोण? आणि आपल्या खाली कोण?" तिसऱ्या प्रश्नाला वर्ग जरा शांत होतो. आपल्याही खाली कोणीतरी आहे हे तेव्हा पहिल्यांदा लक्षात येतं.

जलप्रदूषणाची कारणे

१) घरगुती सांडपाणी : आंघोळ, धुणं-भांडी, संडास यांचं पाणी. शहरात घराघरांतलं हे पाणी नाल्यांतून नदीकडे येतं. कोल्हापुरातला जयंती नाला आणि दुधाळी नाला ही त्याची परिचित उदाहरणं. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२१ च्या अहवालानुसार देशातल्या शहरांत रोज सुमारे ७२,३६८ दशलक्ष लिटर सांडपाणी तयार होतं आणि प्रत्यक्षात प्रक्रिया होते ती २०,२३६ दशलक्ष लिटरवर. मुलांना सोपं करून सांगायचं तर शंभर बादल्यांपैकी अठ्ठावीस बादल्या शुद्ध होतात, बाकीच्या तशाच सोडल्या जातात.

२) कारखान्यांचं पाणी : कापड रंगवणारे प्रोसेस उद्योग, साखर कारखाने, आसवनी यांच्या पाण्यात रंग, क्षार, आम्ल आणि मळीसारखे सेंद्रिय पदार्थ असतात. प्रक्रिया न करता किंवा अर्धवट प्रक्रिया करून ते सोडलं तर नदीवर मोठा ताण येतो.

३) शेतीतली खतं आणि औषधं : आपला भाग उसाचा. पिकाला लागतो त्यापेक्षा जास्त युरिया टाकला, पाटाने भरपूर पाणी दिलं, की उरलेलं नायट्रेट विहिरीत झिरपतं नाहीतर ओढ्याने नदीत जातं. फवारणीचे डबे ओढ्यात धुणं हेही त्यातलंच.

४) नदीवरच्या आपल्या सवयी : जनावरं आणि गाड्या धुणं, निर्माल्य, प्लास्टिक, रंगवलेल्या मूर्ती, मेलेली जनावरं टाकणं, काठावर उघड्यावर शौचाला बसणं.

५) अडलेलं पाणी : हे कारण पुस्तकात सहसा नसतं. उन्हाळ्यात नदीला पाणी कमी, त्यात बंधाऱ्यांमुळे ते साचून राहतं. वाहती नदी थोडीफार घाण स्वतः पचवते, साचलेल्या पाण्याला ते जमत नाही. घाण तेवढीच आणि पाणी कमी, म्हणून एप्रिल-मे महिन्यात प्रदूषण जास्त जाणवतं.

जलप्रदूषणाचे परिणाम

माशांवर : स्वच्छ वाहत्या पाण्यात दर लिटरला साधारण ७ ते ८ मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळलेला असतो. मासे कल्ल्यांनी तोच घेतात. सांडपाणी किंवा मळी नदीत आली की ती कुजवणारे जिवाणू झपाट्याने वाढतात आणि हा ऑक्सिजन वापरून टाकतात. मग मासे तोंड पाण्याबाहेर काढून श्वास घ्यायला धडपडतात आणि शेवटी मरतात. पंचगंगेवरच्या तेरवाड बंधाऱ्यात मेलेल्या माशांचा खच पडल्याच्या बातम्या तुम्ही वाचल्या असतील. मुलांना वाटतं मासे विषाने मेले. अनेकदा ते गुदमरून मेलेले असतात.

जलपर्णी : सांडपाण्यातलं आणि खतांतलं नायट्रोजन व फॉस्फरस हे वनस्पतींचं खाद्य. ते फुकट मिळालं की जलपर्णी फोफावते आणि नदी हिरव्या गालिच्यासारखी दिसते. मुलं म्हणतात, "बाई, किती छान!" तेव्हा समजावून सांगावं की त्या गालिच्याखाली ऊन पोचत नाही, हवा नीट मिसळत नाही आणि जलपर्णी कुजली की ऑक्सिजन आणखी घटतो.

माणसांवर : अतिसार, पटकी, विषमज्वर, कावीळ हे दूषित पाण्यातून पसरणारे आजार. २०१२ साली इचलकरंजीत काविळीची मोठी साथ आली आणि त्यात माणसं दगावली. ई प्रकारची कावीळ गरोदर बायांना जास्त धोकादायक असते, हे घरातल्या मोठ्यांना माहीत असायलाच हवं. विहिरीच्या पाण्यात नायट्रेट फार वाढलं तर त्या पाण्यात कालवलेलं दूध पिणाऱ्या तान्ह्या बाळांच्या रक्ताची ऑक्सिजन वाहण्याची क्षमता कमी होते. आणि हे नायट्रेट उकळून जात नाही.

समाजावर : इचलकरंजी पंचगंगेच्या काठी वसलेलं शहर. तरी पिण्याच्या पाण्यासाठी त्याला आधी कृष्णेकडे, मग वारणेकडे, मग दूधगंगेकडे बघावं लागलं. वारणा आणि दूधगंगेच्या योजनांना त्या नद्यांकाठच्या गावांनी विरोध केला. शहरालाही पाणी हवं आणि त्या गावांनाही आपल्या नदीची काळजी. आपली नदी बिघडली की शेजाऱ्याच्या नदीवरून भांडण लागतं, हा परिणामही मुलांना सांगायला हवा.

ही फक्त आपल्या नदीची गोष्ट नाही. केंद्रीय मंडळाने २०२२ मध्ये देशातल्या नद्यांचे ३११ प्रदूषित पट्टे नोंदवले. त्यातले सर्वाधिक, म्हणजे ५५ महाराष्ट्रात होते.

प्रतिबंध आणि उपाय

शासन आणि स्थानिक संस्थांनी करायचं : देशात जलप्रदूषण रोखण्याचा कायदा १९७४ पासून आहे. कारखान्यांनी आणि नगरपालिकांनी प्रक्रिया केल्याशिवाय सांडपाणी सोडू नये आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाने त्यावर लक्ष ठेवावं, अशी व्यवस्था आहे. कोल्हापुरात कसबा बावडा इथं मोठं प्रक्रिया केंद्र उभं राहिलं आहे. पण केंद्र बांधणं वेगळं आणि शहराचं सगळं पाणी त्यात रोज पोचणं वेगळं. वीज, देखभाल, नाले वळवणं यातलं एक राहिलं तरी पाणी थेट नदीत जातं.

गावाने करायचं : पिण्याच्या पाण्यात टीसीएल पावडर नियमित टाकली जाते का, ओ.टी. टेस्ट होते का, हे ग्रामपंचायतीत विचारता येतं. पाण्याच्या स्रोताची पाहणी होऊन ग्रामपंचायतीला लाल, पिवळं किंवा हिरवं कार्ड मिळतं. आपल्या गावाचं कार्ड कोणत्या रंगाचं, हे किती पालकांना माहीत आहे? जलजीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातल्या पाच महिलांना पाणी तपासणीचं प्रशिक्षण देण्याची तरतूद आहे. त्या ताईंना एकदा शाळेत बोलवा. मुलांसमोर तपासणी झाली की ती कायमची लक्षात राहते.

घरी करायचं :
- आंघोळीचं आणि भांड्यांचं पाणी परसबागेला किंवा शोषखड्ड्यात सोडावं. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णी गावाने घरोघरी शोषखड्डे करून गटारी आणि डास कमी करून दाखवले. खड्डा मात्र विहीर-बोअरपासून लांब हवा, आणि संडासाचं पाणी त्यात सोडायचं नाही.
- तेल, औषधांच्या गोळ्या, रंग मोरीत ओतू नयेत.
- खत माती परीक्षण करून, हप्त्याहप्त्याने द्यावं. ठिबक असेल तर खत आणि पाणी दोन्ही वाचतं.
- निर्माल्याचं खत करावं, मूर्ती शाडूची आणि लहान घ्यावी. कोल्हापूर भागात मूर्तिदान आता बऱ्याच घरांनी स्वीकारलं आहे.
- साथीच्या दिवसांत पाणी खळखळून उकळून, झाकून ठेवावं. तुरटीने पाणी नितळ होतं, पण तेवढ्याने जंतू मरत नाहीत.

वर्गात घेता येतील असे उपक्रम

१) दोन ग्लास : एका ग्लासात साधं पाणी, दुसऱ्यात चमचाभर मीठ विरघळवून. मुलांनी नुसतं बघून फरक ओळखायचा. ओळखता येत नाही. "दिसतं ते स्वच्छ नसतंच असं नाही, आणि स्वच्छ दिसलं म्हणून चांगलं असतंच असंही नाही" हे इथं पटतं.

२) शाईचा थेंब : एका ग्लास पाण्यात शाईचे दोन थेंब टाका. त्यातलं अर्धं दुसऱ्या ग्लासात ओतून साध्या पाण्याने भरा. असं पाच ग्लासांपर्यंत करा. शेवटचा ग्लास जवळजवळ नितळ दिसतो. मग विचारा, "शाई गेली कुठं?" पूर आला की नदी स्वच्छ होते असं म्हणणाऱ्यांना हे उत्तर आहे. घाण नाहीशी झालेली नसते, पातळ होऊन पुढं गेलेली असते.

३) गणिताच्या तासाला : गावात माणशी रोज ५५ लिटर पाणी मिळतं असं धरा. त्यातलं साधारण ८० टक्के सांडपाणी होतं, म्हणजे ४४ लिटर. गावाची लोकसंख्या २,००० असेल तर रोज ८८,००० लिटर. दहा हजार लिटरचे जवळपास नऊ टँकर! हे गणित झाल्यावर 'कारखाने' हे एकच उत्तर मुलं पुन्हा देत नाहीत.

४) पाण्याची वाट : शाळेच्या हात धुण्याच्या नळापासून पाणी कुठं जातं ते मुलांसोबत चालत बघा. गटार, ओढा, जिथपर्यंत जाता येईल तिथपर्यंत. पाण्यात उतरू द्यायचं नाही आणि परत आल्यावर साबणाने हात धुवायचे. वर्गात आल्यावर प्रत्येकाने वाटेचा नकाशा काढायचा.

विचार करा आणि सांगा

१) आपल्या गावाच्या वर कोणती गावं आहेत? खाली कोणती?
२) जलपर्णी वाढणं हे नदी आजारी असल्याचं लक्षण का आहे?
३) उकळल्याने पाण्यातलं काय जातं आणि काय राहतं?
४) खालच्या गावातल्या तुमच्याच इयत्तेतल्या मुलाला पत्र लिहा. पाणी चांगलं राहावं म्हणून तुमचं गाव काय करणार आहे ते त्याला कळवा.

चौथा प्रश्न मी तोंडी घेत नाही, लिहूनच घेते. पालकांनी घरी ते पत्र वाचावं आणि त्यात मुलाने जे कबूल केलं असेल, त्यातली एक तरी गोष्ट त्याच आठवड्यात घरात सुरू करावी. शोषखड्डा खणायला एक रविवार पुरतो.